झिरो एरर

उद्यमनगरात सकाळी साडेआठला
मी जॉब उचलते, व्हर्नियर लावते.
चाळीस पूर्णांक शून्य दोन. पास.
पुढचा. पास.
मोजणारे हात कुणाचे
तेवढं मोजता येत नाही.

माझेच आहेत, माहीत आहे.
अंगठ्यावर भाजल्याचा डाग,
नखांत कूलंटचा वास,
करंगळीत हुपरीचं वळं.
पण शेजारीण खिडकीपलीकडे चपात्या लाटते ना,
तसे दिसतात ते.
भराभर, आवाजाशिवाय.

कधीपासून? मार्च असेल.
गंगावेशीत दूध प्यायला उभी होते.
समोर म्हैस, चरवीत धार,
फेसाचा ग्लास हातात आला, कोमट,
आणि सगळं जरा मागे सरकलं.
म्हैस, कट्टा, स्कूटरवर ऊस आडवा धरून चाललेला माणूस.
कुणी दुकानाची काच ओढून घ्यावी
आणि आपण रस्त्याकडेला राहावं, तसं.
दूध गोड होतं.
गोड असल्याची बातमी मला उशिरा मिळाली.

वाटलं, झोप नसेल झाली.
वाटलं, चष्मा.
राजारामपुरीत जाऊन नंबर काढला, जुनाच निघाला.
रक्त तपासलं. बारा पूर्णांक चार.
नणंद म्हणाली, नारळ उतरवून टाक.
उतरवला. नंतर त्याच्या वड्या केल्या,
कशाला वाया घालवायचा.

मस्टरवर सही करते: पद्मजा मगदूम.
अक्षर ओळखीचं वाटतं,
शाळेत आपल्या बाकावर बसायची
त्या कुणा मुलीचं असावं तसं.

तांबडा रस्सा खाताना डोळ्यांत पाणी येतं.
पाणी आलेलं कळतं, तिखट कळत नाही.
पोरगा विचारतो, आई, रागावलीस?
नाही रे.
मग तुझा आवाज असा का?
असा म्हणजे कसा?
"स्टँडवर गाडी लागली सांगतात ना, त्या बाईसारखा."

वेड लागलेल्याला कळत नाही म्हणतात.
मला तर सगळं कळत होतं.
तोच वैताग.

सीपीआरमधली डॉक्टरीण माझ्याहून लहान.
बोला, म्हणाली.
जणू काचेपलीकडे, म्हटलं.
जणू स्वप्न, पण झोपच नाही.
जणू मी मलाच सीसीटीव्हीत बघतेय.
तिचं पेन थांबलं.
"किती वेळा म्हणालात 'जणू'?"
मोजणं माझं कामच. तीनदा.
"तो शब्द धरून ठेवा. तो आहे तोवर तुम्ही जागेवर आहात.
याला नाव आहे. पुष्कळांना होतं हे,
सांगत नाहीत."

नाव लांबलचक होतं, विसरले. चिठ्ठीवर असेल.
पण परतताना केएमटीत
मी एकेक चेहरा बघत बसले
त्या पुष्कळांपैकी कोण असेल म्हणून.
सगळे सुट्टे पैसे बरोबर देत होते.

पहिल्याच आठवड्यात इलाहीचाचानं शिकवलं होतं:
व्हर्नियरचे जबडे पुरे मिटव, रेघेला रेघ लागली पायजे.
नाही लागली तर?
"म्हणून काय फेकून द्यायचा न्हाई, पोरी.
किती चुकतोय ते लिहून ठेव,
आणि हर मापातनं तेवढं वजा कर."

आज डब्याच्या सुट्टीत
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:
गुरुवार. सातपासून काच.
एक वीसला ठेचा लागला, जिभेला, माझ्या.
दोन सेकंद. फार तर तीन.
परत काच.

"पद्मे, ऐकाय येत न्हाई व्हय?"
येतं, चाचा. जरा लांबनं येतं.
"मग जवळ ये की."

उठले.
पाय कुणाचे का असेनात,
चपला माझ्याच होत्या,
उजवीचा अंगठा तुटायला आलेला.